कौलांवरून पाहिलेलं नाटक

मु. पो. कशेळे, ता. कर्जत
गुरुवार, १८ एप्रिल १९८५

तीर्थस्वरूप गोमा मामांच्या पायांशी,

भाचा हिरामण डोकं टेकवून नमस्कार करतो. इकडे आई बरी आहे, बाबा ठाकुरवाडीला रेल्वेच्या लायनीवर आहेत आणि मे अखेरपर्यंत त्यांना रजा नाही, म्हैस आटली आहे, आणि माझा उजवा घोटा सुजलेला आहे (कारण पुढे येईल). मामींच्या गुडघ्याला आराम पडला का? आईने सांगितलं आहे की निर्गुडीचा पाला शेकायला लावा, पण वाफ घेताना दार बंद ठेवा. आणि तुमच्या छापखान्यातलं ते पायाने चालवायचं यंत्र? मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतंत की दर शंभर प्रतींमागे एक प्रत ते चावून टाकतं. त्याचा राग करू नका. काही यंत्रांना आणि काही माणसांना ऐन वेळी दातखीळ बसते, काहींना चावा सुटतो. मला यातलं पहिलं झालं, हे सांगण्यासाठीच हे पत्र आहे. पण आधी कामाचं.

तुम्ही लिहिलं होतंत : कॉलेज सोडलंस ते सोडलंस, निदान लिहिता हात तरी चालू ठेव. दर मंगळवारी टीव्हीवर ते ‘जिन्यावरचा फोटो’ लागतं, सगळी खोपोली त्यावर बोलते, माझ्याकडे टीव्ही नाही आणि वेळही नाही, तर तू सहाही भाग पूर्ण कर आणि आपल्या ‘घाटवाट’ पेपरासाठी चारशे शब्दांचं परीक्षण पाठव. फक्त अभिनयावर लिही, गोष्ट सांगत बसू नकोस. आज्ञा शिरोधार्य. तरी मामींना वाचून दाखवताना अडू नये म्हणून गोष्ट चार ओळींत उरकतो. देविका नावाची एक नामांकित नटी. मोठ्या हॉटेलच्या जिन्यावरून उतरताना तिचा फोटो निघतो, शेजारी यशोधन नावाचा गाजलेला क्रिकेट खेळाडू. फोटो वर्तमानपत्रात येतो. मग काय, घराघरात तेच. तिच्या हातची कामं जातात, आई अंथरूण धरते, शेजारी खिडक्या लावून घेतात. खेळाडूच्या हातची बॅट मात्र जात नाही. तो पाच भाग गप्प बसतो, आणि सहाव्या भागात वार्ताहर त्याला गाठतात तेव्हा म्हणतो, मी या बाईंना ओळखत नाही. संपलं.

आता अभिनय.

यशोधनचं काम करणाऱ्या नटाचा आवाज चांगला आहे, आणि माझी तक्रार तीच आहे. इतक्या चांगल्या आवाजाच्या माणसाला गप्प बसण्याचा अधिकार नाही. प्रत्येक वाक्य तो पाहुण्याला सरबत द्यावं तसं जपून देतो, आणि सांडेल म्हणून पेला अर्धाच भरतो. त्याचे थांबे फार लांब आहेत. पाचव्या भागात तो इतका वेळ थांबला की मला वाटलं वीज गेली, आणि ती खरोखरच गेलेली होती; पण परत आली तेव्हाही तो थांबलेलाच होता. (गप्प बसणाऱ्या पुरुषांबद्दल माझं मत काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. वर्गात सरांनी एका मुलीच्या वाचण्याची नक्कल करून साठ जणांना हसवलं, ती रडायला लागली, आणि मी उठून त्यांचं हजेरीपुस्तक खिडकीबाहेर टाकलं. माफी माग म्हणाले, नाही मागितली, आणि दुसऱ्या वर्षाच्या मधेच घरी आलो. ती मुलगी माझ्या ओळखीचीही नव्हती. हे विसरू नका, पुढे लागेल.) देविकेच्या आईचं काम करणाऱ्या बाई ठीक आहेत, पण आजारी माणूस इतका मोठ्याने बोलत नाही. वार्ताहर चौघे आहेत. त्यातल्या एकाला कायम खोकला असतो आणि नेमका देविकेचं नाव निघालं की त्याला ढास लागते. एवढं बारीक काम मी दुसऱ्या कुठल्या नटात ऐकलं नाही असं मी लिहिणार होतो. पण चौकशी करता तो खोकला अंगणात पुढे बसणाऱ्या सदू न्हाव्याचा निघाला. वार्ताहरांबद्दल त्यामुळे काही लिहीत नाही.

राहिली देविका. तिच्याबद्दल लिहायला माझे चारशे शब्द पुरणार नाहीत. ती रडते तेव्हा आवाज करत नाही. आधी हनुवटी थरथरते. मग ती पदराचं टोक दातांत धरते. मग डावीकडे मान वळवते, डावीकडे कुणी नाही ना याची खात्री करून घेतल्यासारखी, आणि मग उलट्या हाताने नाक पुसते. एवढ्या मोठ्या नटीचं सोंग घेतलेल्या बाईने उलट्या हाताने नाक पुसावं, याला मी धाडस म्हणतो. रागावते तेव्हा ती एक पाऊल मागे जाते, पुढे येत नाही. आणि चौथ्या भागात तिला कुणीतरी विचारतं की तुझं त्याच्यावर मन आहे का, तेव्हा ती काहीच बोलत नाही, नुसती वर बघते. मामा, त्या बघण्यासाठी मी पाचवा भाग उन्हाने तापलेल्या कौलांवर बसून काढला.

आता कबुली द्यायची वेळ आली. कौलं हा शब्द तुमच्या नजरेतून सुटला नसेल. ‘जिन्यावरचा फोटो’चे सहाही भाग मी पूर्ण केले, पण नाटक मी पाहिलेलं नाही. ऐकलं. पाहिलं ते शेवटी, अर्धं मिनिट, आणि तेही पालथा पडून.

त्याचं असं झालं. कशेळ्यात टीव्ही एकच, भाताच्या गिरणीवाल्या लडकूशेठकडे. संध्याकाळी साडेसातला तो ओटीवर मांडतात, तोंड अंगणाकडे, आणि अंगणात पन्नासेक माणूस बसतं. आता आपल्या आणि मुंबईच्या मधे माथेरानचा डोंगर आहे, त्यामुळे मुंबईहून निघालेलं चित्र आमच्यापर्यंत येईतो दमून जातं. पहिल्या मंगळवारी पडद्यावर नुसत्या मुंग्या. लडकूशेठ ओरडले, “कुणीतरी वर चढा रं, तो अँटिना फिरवा!” मी चढलो. चढलो कारण मी तरुण आहे, कौलांची मला सवय आहे (कॉलेज सोडल्यापासून पावसाळ्याआधी निम्म्या गावाची घरं मीच शाकारतो, फुटकी कौलं काढून नवी बसवतो), आणि कारण चंद्रा अंगणात उभी होती. चंद्रा म्हणजे लडकूशेठची मुलगी. तिच्याबद्दल मी आजवर तुम्हाला काही लिहिलं नाही. कुणालाच काही बोललो नाही, तिलाही नाही. तीन वर्षं झाली.

आमच्याकडे अँटिना फिरवायची रीत अशी की वरचा माणूस बांबू धरतो, खालचा माणूस ओरडतो. खालचं माणूस म्हणजे चंद्रा. “नेरळकडं फिरव! आणखी! गेलं, गेलं, गेलं! परत माथेरानकडं आण! हां, आता ऱ्हा तसाच!” ती म्हणाली ऱ्हा तसाच, म्हणून मी राहिलो. वरून मला टीव्ही दिसत नव्हता, तो माझ्याच पायाखाली, ओटीवर. दिसत होती ती अंगणातली माणसं आणि त्यांच्या तोंडावर हलणारा उजेड. गौराबाई म्हातारी सगळ्यात पुढे, नटीला सारखी बजावत असायची, “अगं बया, नको जाऊ त्या जिन्यावरनं, फोटो काढतील मेले!” आणि चंद्रा मागे उखळापाशी उभी. पहिली पंधरा मिनिटं ती फक्त नेरळ-माथेरान करत होती. मग तिला माझी दया आली असावी. म्हणाली, “तुला वर कायच दिसत नाय ना रं? सांगू?” आणि ती सांगायला लागली. आता ती आली. निळी साडी हाय. म्हंजे काळी-पांढरी हाय, पण निळीच असणार. आता पत्र वाचते. आता रडते. आणि हे सांगताना, मामा, ती नुसतं सांगत नव्हती. तिला नुसतं सांगता येत नाही. कुणी तिला बाजारातली गोष्ट विचारली तर ती भाजीवाली पण होते आणि भाजी पण होते. तर ती देविका व्हायची. देविकेची हनुवटी, देविकेचा पदर, सगळं मी उखळापाशी पाहिलं, आणि माझी अशी समजूत की जे ओटीवर चाललं आहे तेच ती मला जसंच्या तसं पोचवते आहे.

तिसऱ्या मंगळवारची गोष्ट कुणालाही माहीत नाही, ती फक्त तुम्हाला सांगतो (आता सगळ्या गावाला माहीत आहे, तरी तुम्हाला माझ्या तोंडून कळावी). बांबू धरून माझे हात भरून यायचे. म्हणून त्या दिवशी मी तारेचा एक तुकडा घेऊन वर गेलो, चित्र लागल्यावर बांबू आढ्याला घट्ट आवळून टाकला आणि भीतभीत एक हात काढला. खालून ‘गेलं’ ऐकू आलं नाही. दुसरा हात काढला. तरी नाही. मी हातभर सरकून बसलो. चित्र स्वच्छ. म्हणजे आता मी खाली उतरून चार माणसांसारखा अंगणात बसू शकत होतो आणि परीक्षण डोळ्यांनी लिहू शकत होतो. मी उतरलो नाही. थोड्या वेळाने चंद्राने वर पाहिलं. माझे दोन्ही हात मांडीवर होते. ते तिने पाहिले. बांबूकडे पाहिलं, तार पाहिली, परत माझ्याकडे पाहिलं, आणि अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, “हां, तसाच धर! सोडू नको!”

यावर मी काय समजायचं ते समजलो. पण शब्दाने काही विचारलं नाही. चौथा भाग झाला, पाचवा झाला. मी हात मांडीवर ठेवून अँटिना धरत राहिलो आणि ती खालून धर, धर म्हणत राहिली. यशोधन गप्प बसला म्हणून मी वर दात खात होतो आणि मी स्वतः कुठे काय बोलत होतो? पण हे मला आज सुचतं आहे. तेव्हा मी फक्त त्याच्यावर रागावलेला होतो.

परवा सहावा भाग. त्याच दिवशी दुपारी चंद्राला बघायला खालापूरहून माणसं आली. मुलगा कान्हा, वीज मंडळात वायरमन. बरोबर त्याचे थोरले चुलते धाऊतात्या. पोहे झाले, चहा झाला, पसंती झाल्यासारखी झाली, आणि लडकूशेठने त्यांना टीव्ही बघायला थांबवून घेतलं. पाहुण्यांना ओटीवर, टीव्हीच्या बाजूला खुर्च्या. हे सगळं मला संध्याकाळी शिडीपाशी कळलं. मला कुणी थांबवलं नाही आणि मीही थांबलो नाही. नेहमीसारखा वर चढलो. चंद्राला आत बसायला सांगितलं होतं, पण साडेसातला ती नव्या साडीत अंगणात आली. चित्र लावायला माणूस लागतो, म्हणाली.

त्या दिवशी तिने नेरळही म्हटलं नाही आणि माथेरानही नाही. गरजच नव्हती. ती फक्त नाटक सांगत होती, तेही हळू. आता वार्ताहर आले. आता त्याला तो फोटो दाखवतात. आता इचारतात, ही कोण? मग ती थांबली. आणि मग, हनुवटी नाही, पदर नाही, काही नाही, सरळ वर माझ्याकडे बघून म्हणाली, “म्हणतो, मी हिला वळखत नाय.”

मामा, मी उभा राहिलो. भेकडा, असं ओरडलो, आणि पुढे आणखी एक शब्द ओरडलो जो तुमच्या छापखान्याच्या खिळ्यांनी जुळवता येणार नाही. आणि पाय आपटला. पाय वाशावर द्यायचा, कौलाच्या पोटावर द्यायचा नाही, हे मला झोपेतही कळतं. त्या क्षणी कळलं नाही. सोळा कौलं आणि त्यांच्या खालच्या दोन लाकडी रिपा घेऊन मी खाली आलो. नशिबाने ओटीच्या त्या कोपऱ्यात भाताची पोती रचलेली होती, त्यांच्यावर पालथा पडलो. मान वर केली तर हातभर अंतरावर टीव्ही.

तेव्हा मी देविका पाहिली. सहा आठवड्यांत पहिल्यांदा. परीक्षक म्हणून सांगतो : ती काहीही करत नव्हती. धुतलेल्या ताटासारखा चेहरा. डोळ्यांत पाणी नाही, पदर जागच्या जागी, आणि नाक कुठल्याच हाताने पुसत नव्हती, ते कोरडंच होतं. खेळाडूने ओळख नाकारली आणि ही बाई आपल्या आईचं पातेलं कुठे ठेवलं ते आठवत असल्यासारखी उभी होती. वर देविकेबद्दल लिहिलेली सगळी वाक्यं तिच्याबद्दल नाहीत हे तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या तिथे, पोत्यांवर लक्षात आलं.

पण विचार करायला वेळ मिळाला नाही. धूळ बसली, सदू न्हाव्याचा खोकला थांबला, आणि धाऊतात्या खुर्चीतून न उठता म्हणाले, “मघापासनं पोरगी वर बघून बोलत होती तो ह्योच का? काय रं, तुझी नि हिची काय वळख?”

 चंद्रा उखळापासून पुढे येऊन उभी. एवढा साधा प्रश्न मला तीन वर्षांत कुणी विचारला नव्हता. आणि मी, ज्याने ओळखदेख नसलेल्या मुलीसाठी हजेरीपुस्तक खिडकीबाहेर टाकलं, तो मी म्हणालो, “वळख नाय. मी अँटिना धरायला.”

टीव्हीवर यशोधन अजून बोलत होता. आणि मामा, चित्र स्वच्छ होतं. आजवर इतकं स्वच्छ कधी नव्हतं. सगळ्या अंगणाने आधी टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत टीव्हीकडे. गौराबाईला सगळ्यांत आधी सुचलं. म्हणाली, “मेल्या, तू तर हितं पडलायस. मग वर कोण धरलंय?”

कुणी हसलं असतं तर मला बरं वाटलं असतं. कान्हा वायरमन उठला, बॅटरी घेऊन शिडीने वर गेला, आणि वरून त्याने सगळ्यांना सांगितलं, “तारेनं बांधलाय. गाठ जुनी हाय, तार गंजलीय. महिना तरी झाला असंल.” (त्याच्या कामाबद्दल मला काही म्हणायचं नाही. माणूस सरळ आहे. उतरताना त्याने दोन सरकलेली कौलं नीटही केली.) मग मोठी माणसं आत गेली. बाहेर आली तेव्हा धाऊतात्या म्हणाले, रविवारी सुपारी फोडायला येतो, पण मागाहून काही कानावर यायला नको. त्यावर लडकूशेठ म्हणाले, “पोरगाच बोलला ना सगळ्यांदेखत, वळख नाय म्हणून. आणखी काय पायजे?”

म्हणजे बघा. गावात बोलणं झालं ते तिचं झालं. महिनाभर ती रिकाम्या हातांना धर, धर म्हणत होती हे आता लहान पोरंसुद्धा एकमेकांना करून दाखवतात. आणि तिचं लग्न दुसरीकडे जमायला जो दाखला लागत होता, तो मी माझ्या तोंडाने दिला.

काल सकाळी मी भाताचं अर्धं पोतं पाठीला मारून लंगडत गिरणीवर गेलो. चंद्रा कोंडा भरत होती. मी म्हटलं, चंद्रा, त्या वेळी माझ्या तोंडून भलतंच निघालं. तिने मान वर केली नाही. म्हणाली, “तू त्या नटाला सहा हप्ते शिव्या देत होतास ना? त्याला तरी कुणी लिहून दिलं होतं. तुला कुणी लिहून दिलं होतं रं?” आणि पोत्याचं तोंड शिवायला घेतलं. एवढं थोडक्यात आणि एवढं अचूक परीक्षण ‘घाटवाट’मध्ये आजवर छापून आलेलं नाही.

रात्रभर झोप नाही. आज सकाळी थेट लडकूशेठपुढे उभा राहिलो. गिरणी चालू होती, पट्ट्याचा आवाज असा की आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येऊ नये. मी म्हणालो, शेठ, मी खोटं बोललो, मी ओळखतो चंद्राला, मला तिच्याशीच लग्न करायचं आहे. ते कानाशी हात नेऊन, “काय?” मी परत म्हणालो. “काय?” तिसऱ्या वेळी मी पूर्ण ताकदीने ओरडलो, आणि नेमकी त्याच वेळी त्यांनी पट्टा उतरवून गिरणी थांबवली. रांगेत बसलेल्या बायांनी डोक्यावरचे पदर तोंडाला लावले. लडकूशेठ रागावले नाहीत, तेच जास्त वाईट. कोंड्याने भरलेले हात झटकत म्हणाले, “हे मला गिरणीत कशाला सांगतोस? नाय म्हणालास तवा पन्नास माणसं होती. हाय म्हणायचं तर तितकीच पायजेत. रविवारी येतायत ती. सगळ्यांत येऊन बोल. पोरीला इचारीन, तिनं हो म्हटलं तर पुढचं बघू. नाय जमलं, तर गप घरी बस, नि पावसाच्या आधी माझी कौलं तेवढी बसवून दे.”

मी कौलं आजच बसवायला घेतली आहेत. ती बसवताना अँटिनाला हात लावला नाही.

मामींना नमस्कार. परीक्षण वर आहे, त्यातून चारशे शब्द तुम्हीच काढून घ्या.

तुमचा आज्ञाधारक (आजवर फक्त चंद्राचा आणि तुमचा),
हिरामण

ता. क. १ : परीक्षण छापू नका. रात्री परत वाचलं. खेळाडूबद्दल मी जे लिहिलं ते लिहायचा अधिकार मला रविवारनंतर मिळाला तर मिळेल. आणि देविकेच्या कामाचं श्रेय त्या बाईला देणं हा अन्याय होईल. ते ज्या व्यक्तीला द्यायला हवं तिला विचारलं तर म्हणेल, माझं नाव पेपरात घालशील तर बघ.

ता. क. २ : मूळ विनंती ही आहे. लग्नसराईत छापखान्याला गर्दी होते म्हणून लडकूशेठने चंद्राच्या लग्नपत्रिकेचा मजकूर कालच तुमच्याकडे पाठवला आहे, असं कमळ्याकडून कळलं. (कमळ्या म्हणजे आमच्या आळीतला, खोपोलीला कारखान्यात जातो, हे पत्र त्याच्याच हाती देतो आहे.) तुम्ही धंद्याला पक्के, मजकूर आला की जुळवायला घेता. घ्या. वधूचं नाव जुळवा, तिच्या वडलांचं जुळवा, आमचे येथे श्रीकृपेकरून जुळवा. वराच्या नावाची ओळ तेवढी रविवार संध्याकाळपर्यंत मोकळी ठेवा. तुमचा तोटा होणार नाही. ओळीत कान्हा आला तरी हिरामण आला तरी पत्रिका तुमच्याकडेच छापून जायची आहे.

ता. क. ३ : शुक्रवार सकाळ. कमळ्या दारात उभा आहे, म्हणून घाईत. आई आत्ताच गिरणीवरून आली. चंद्राने तिच्याजवळ माझ्यासाठी निरोप दिला आहे. रविवारी तिला आतल्या खोलीत, दार लोटून बसवणार आहेत. तिला तिथून काही दिसणार नाही. निरोप असा : या वेळी मधे सांगायला कुणी नाय, आतपर्यंत ऐकू आलं पायजे. आई म्हणते, हे सांगताना पोरगी हसत नव्हती, पण नाक तिने उलट्या हाताने पुसलं.

मामा, बाबांना रजा नाही. आमच्या बाजूने वडीलधारं म्हणून तुम्हीच या. सकाळच्या गाडीने कर्जतला उतरलात तर कशेळ्याची एसटी मिळते. माझ्यासाठी बोलू नका, बोलायचं मला आहे. तुम्ही फक्त त्या लोटलेल्या दाराला पाठ लावून बसा, आणि माझा आवाज आत पोचत नसला तर हात वर करा.